अनीस शेख यांच्या स्वतःच्या तक्रारी

सहा फूट एक इंच उंचीच्या माणसाने ‘शवविच्छेदनाचे टेबल मला उंच पडते, माझा हात पोहोचत नाही’ अशी लेखी तक्रार केली, तर ती वाचणाऱ्याने काय करावे? आम्ही हसलो. अभ्यासक्रम समितीची बैठक होती. अधिष्ठाता मॅडम, शरीररचनाशास्त्राचे देशमुख सर, मी आणि विद्यार्थी परिषदेचा अभ्यासक्रम सचिव, असे चौघेच होतो. तक्रार सचिवाची स्वतःचीच होती.

“अनीस, तुमची उंची किती?” देशमुख सरांनी चष्म्यावरून पाहत विचारले.

“सहा एक, सर.”

“आणि टेबल?”

“टेबल तुमचं हाय, सर. तुमाले माहीत असन.”

“मग ते तुम्हाला उंच कसं पडतं हो?”

“पडते, सर. मले पाट पाहिजेत. लाकडी. चार.”

“दोन पायांना चार पाट?”

“दोन राखीव ठेवू,” अनीस गंभीरपणे म्हणाला.

मॅडमनी हसत हसत चार पाट मंजूर केले. दुसऱ्याच आठवड्यात मी काही कामासाठी शवविच्छेदन कक्षात गेलो, तेव्हा त्या पाटांवर चार बुटक्या मुली उभ्या होत्या आणि अनीस त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, सर्वांच्या डोक्यांवरून आरामात पाहत होता. मला त्यात काही विशेष वाटले नाही. विशेष न वाटण्याची ही माझी सवय जुनी आहे आणि तिच्याविषयी मला पुढे बरेच लिहावे लागणार आहे.

आमच्या जिल्ह्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. अनीस शेख पहिल्या वर्षात आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. बाकीचा वर्ग अठरा-एकोणीसचा. मधली वर्षे त्याने औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहून आणि दरवर्षी प्रवेशपरीक्षा देऊन काढली होती. त्याच्या वडिलांचे वरवट बकालला गाद्या भरण्याचे दुकान आहे. दाढीत दोन-तीन पांढरे केस, खिशाला तीन पेने आणि चालताना पुढे झुकलेली मान. पहिल्या दिवशी वर्गातील निम्मी मुले त्याला प्राध्यापक समजून उभी राहिली होती. त्या दिवसापासून तो सर्वांचा ‘अनीसभाई’ झाला. बाकी विद्यार्थ्यांना आम्ही शिक्षक ‘तू’ म्हणत असू. अनीसला मात्र नकळत ‘तुम्ही’ म्हटले जाई.

विद्यार्थी परिषदेची निवडणूक झाली तेव्हा सांस्कृतिक सचिवपदासाठी सात अर्ज आले, क्रीडा सचिवपदासाठी पाच. अभ्यासक्रम सचिवपदासाठी एकही नाही. शिकवण्याबद्दल मुलांचे म्हणणे गोळा करून आमच्यापुढे मांडायचे, हे त्या पदाचे काम. ज्यांच्या हाती आपले अंतर्गत गुण आहेत त्यांनाच त्यांच्या चुका सांगायला जाण्याइतके धाडस कोणात असणार? मी वर्गात उभा राहून आवाहन केले. मुले वह्यांत डोके घालून बसली. अखेर पहिल्या बाकावरून एक लांब हात वर गेला.

“कामाचं पद कोणतं हाय, सर? हेच काय? मंग मले द्या.”

तो बिनविरोध निवडून आला. इतर सचिवांनी मिरवणूक काढली. अनीसने बाजारातून एक जाड वही आणि कागद धरायचा लाकडी फळा आणला.

रोज संध्याकाळी मेसचे जेवण आटोपले की तो फळा काखेत धरून वसतिगृहाच्या व्हरांड्यातून फिरे, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी पंधरा मिनिटे बसे. त्याचा प्रश्न एकच असे. “बोला, काय टोचून राह्यलं?” छापील प्रतिसाद पत्रकावर ‘उत्तम, चांगले, समाधानकारक’ असे रकाने होते. ते त्याला मान्य नव्हते. “गादी समाधानकारक हाय असं कोणी म्हणते काय, सर? झोप लागली का नाही, तेवढं सांगा.”

एकदा त्याने मला जिन्यात गाठले.

“सर, काल तुमच्या लेक्चरमधी विसाव्या मिनिटाले गुठळी होती.”

“गुठळी?”

“म्हंजे कापूस गोळा झाला होता. वरून चादर साफ दिसते, खाली टोचते. तुमी मूत्रपिंडातल्या पाण्यावरून एकदम मिठावर गेले. मधातलं राहून गेलं.”

“तुम्हाला समजलं नाही?”

“मले… हाव. मलेच नाही समजलं.”

मी माझी टिपणे काढून पाहिली. मधली एक पायरी खरोखरच गळली होती. पुढच्या तासाला मी ती भरून काढली. मात्र ती कोणामुळे सापडली, हे वर्गाला सांगितले नाही.

आता समितीच्या एका नियमाबद्दल सांगितले पाहिजे, कारण तो माझ्या हातचा आहे. निनावी तक्रारींना आम्ही शिक्षक कंटाळलो होतो. मी सदस्य सचिव या नात्याने मसुदा केला, ‘निनावी अथवा दुसऱ्याच्या वतीने केलेली तक्रार विचारात घेतली जाणार नाही. ज्यास प्रत्यक्ष अडचण असेल त्याने स्वतःचे नाव व सही करावी.’ वाक्य मला फार आवडले होते. त्यात जबाबदारीची शिकवण आहे, असे मी बैठकीत म्हणालोही होतो.

नियम लागू झाला आणि सगळ्या तक्रारी अनीसच्या नावाने येऊ लागल्या.

जीवरसायनशास्त्राच्या एकाच तासाबद्दल, एकाच दिवशी, त्याची दोन पत्रके आली. पहिल्यात लिहिले होते, ‘शिक्षक फार वेगाने बोलतात, मला लिहून घेता येत नाही.’ दुसऱ्यात होते, ‘शिक्षक एकच गोष्ट तीनदा सांगतात, मला झोप येते.’ देशमुख सरांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्याला विचारले, “अहो, जागे होतात की झोपले होतात?”

“पहिले लिहीत होतो, सर. मंग थकून झोपलो.”

‘मला फळ्यावरचे दिसत नाही’ असे लिहिणारा हा माणूस दूरच्या बसची पाटी आमच्याआधी वाचत असे. ‘माझी शाळा मराठी माध्यमाची असल्यामुळे इंग्रजी व्याख्या समजत नाहीत’ असे त्याने निर्दोष इंग्रजीत लिहून दिले होते. देशमुख सर म्हणत, “या माणसाला शिकवायचं की तपासायचं?” मी हसत असे. अनीसही हसे, पण सही मागे घेत नसे.

एका बैठकीत मी त्याचे पत्रक मोठ्याने वाचले, “‘शवविच्छेदन कक्षाच्या मजल्यावर विद्यार्थिनींसाठी स्वच्छतागृह नाही. मला दोन मजले उतरून जावे लागते. परत येईपर्यंत प्रात्यक्षिक संपलेले असते.’” देशमुख सरांना ठसका लागला. माझ्याही डोळ्यांत हसून पाणी आले. अनीस मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला आणि म्हणाल्या, “त्याच मजल्यावरच्या शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाची एक किल्ली उद्यापासून शवविच्छेदन कक्षात राहील. अनीस, आणखी काही?”

“नाही, मॅडम. बस, तेवढंच टोचत होतं.”

त्या वेळीही मला काही कळले नाही.

आणि मग माझ्याबद्दलचे पत्रक आले.

‘शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक शिकवताना मागच्या तीन बाकांकडे पाहत नाहीत. वर्षभरात त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी वर्गात आहे हे त्यांना माहीत नसावे, असे मला वाटते.’ खाली ठसठशीत सही, अनीस शेख.

अनीस पहिल्या बाकावर, माझ्या समोर, दोन हातांवर बसत असे. तासाला चार प्रश्न मी त्यालाच विचारत असे. मी तीस वर्षे शिकवत आलो आहे आणि चांगला शिक्षक म्हणून माझे थोडे नाव आहे. निदान मी तसे समजतो. हा माणूस माझ्या तोंडासमोर बसून मी त्याच्याकडे पाहत नाही असे लिहितो, ही मला निव्वळ खोडी वाटली. बैठकीत मी शांतपणे म्हणालो, “नोंद घेतली.” माझा आवाज मुळातच हळू आहे. त्यामुळे राग आला तरी तो कोणाला ऐकू जात नाही. हा सद्गुण आहे असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो.

पंधरा दिवसांनी अंतर्गत तोंडी परीक्षा होती. अनीस माझ्यापुढे बसला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने नीट दिली. तेथे थांबायला हवे होते. मी त्याला एका जाड संदर्भग्रंथाच्या तळटीपेतील प्रश्न विचारला, मग तसाच दुसरा, मग तिसरा. तो गप्प झाला. मी चेहऱ्यावर सौम्य हसू ठेवून गुण लिहिले. ते किती लिहितो आहे आणि त्याचा परिणाम काय होईल, हे लिहिताना मला माहीत होते.

विद्यापीठाच्या परीक्षेला बसण्यास अपात्र असलेल्यांची यादी लागली. तीत एकच नाव होते. वर्ग पुढे जाणार, अनीस सहा महिने मागे राहणार आणि नंतर पुरवणी परीक्षा देणार. तो यादी पाहून माझ्या खोलीत आला. मी मनात उत्तरे तयार केली.

“सर, बरोबर हाय,” तो म्हणाला. “मले नाही आलं ते. त्या तळटीपा कोणत्या पुस्तकात हायेत, तेवढं सांगा.”

मी पुस्तकाचे नाव सांगितले. त्याने ते लिहून घेतले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. लहानखुरी, पदराशी चाळा करावा तशी ओढणीचे टोक पिळत. मी विचारले, “कोणत्या वर्षाची?”

“पहिल्या, सर. तुमच्याच वर्गातली. मी सुवर्णा. दुसरबीडची.” मग एका दमात म्हणाली, “सर, ती मी होते. मागच्या बाकाची तक्रार माझी होती.”

मी तिला ओळखले नव्हते. ती वर्षभर माझ्या वर्गात होती, आणि तिच्या कागदावर लिहिलेले माझ्याच दारात खरे ठरले होते.

“मग सही अनीसची कशी?”

“नियम आहे ना, सर. स्वतःचं नाव टाकायचं. अनीसभाईंनी विचारलं, तुझं नाव टाकू का? मला रडूच आलं. मग ते म्हणले, राहू दे, माह्यं नाव दणकट हाय, फाटत नाही. सगळ्यांचं तसंच आहे, सर. टेबलाचं बी आम्हा चौघींचं होतं. ते सहा फुटांचे, त्यांना कशाला पाट लागतो?” ती थांबली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, “तुम्हाला खरंच वाटलं व्हय, सर?”

ती गेल्यावर मी वर्षभराची पत्रके पुन्हा काढून वाचली. माझ्या नियमाला घाबरून साऱ्या वर्गाने तोंड मिटले होते, आणि हा माणूस प्रत्येकाची उंची, दृष्टी, भाषा, फार काय, मुलींचा संकोचसुद्धा स्वतःच्या अंगावर घेऊन आमच्यापुढे येऊन बसत होता. आम्ही त्याला हसत होतो. मी तर त्याला शिक्षाही केली होती.

त्याच दुपारी मी त्या गुणांबद्दल मॅडमना पत्र दिले. त्यांनी ते वाचले.

“पाटांच्या दिवशी मला शंका आली होती,” त्या म्हणाल्या. “किल्लीच्या दिवशी खात्री पटली. तुम्हाला नाही?”

“नाही.”

त्यांनी पत्र फायलीत ठेवले. एवढेच म्हणाल्या, “तोंडी परीक्षा दुसरे शिक्षक पुन्हा घेतील. पण अर्ज त्याने करायला हवा. सोमवारी यादी विद्यापीठाकडे जाते. त्याआधी त्याची सही आणा.”

रविवारी दुपारी मी वसतिगृहात गेलो. पोरे गावात सिनेमाला गेली होती. व्हरांडा रिकामा होता. अनीस खोलीत जमिनीवर बसून एक उशी उसवत होता. शेजारी आणखी दोन उशा, आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून पातेल्याखाली दाबलेला कापूस.

“समोरच्या पोट्ट्याची हाय,” तो उठत म्हणाला. “मान दुखते म्हणे. दुकानदारानं चिंध्या भरल्या हायेत. बसा ना, सर, खुर्ची घ्या.”

मी खाटेच्या कडेला बसलो. काय झाले ते मी त्याला सांगितले. मध्ये सुवर्णाचे नाव घेतले नाही, पण त्याला कळले असावे. अर्जाचा कागद पुढे केला तेव्हा त्याने हात मागे घेतला.

“नाही, सर. पुन्हा परीक्षा घेतली तर सारे विचारतीन, काऊन घेतली? मंग कोणाची तक्रार होती, ते निघन. त्या पोट्टीनं मोठ्या मुश्किलीनं तोंड उघडलं हाय.”

“कोणाचंही नाव निघणार नाही. मॅडमना दिलेल्या पत्राची ही प्रत वाचा.”

त्याने पत्र दोनदा वाचले. बोट एका शब्दावर ठेवले.

“सर, इथं तुमी ‘आकसाने’ लिहिलं.”

“हो.”

“‘नजरचुकीनं’ लिहा ना. चालते.”

“चालत नाही, अनीस.”

“तुमाले त्रास होईन.”

“होऊ द्या.”

तो पुन्हा उशीकडे वळला. सुई दोऱ्यात अडकली होती. ती सोडवण्यात त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. “सहा महिने काय, जातीन,” तो म्हणाला.

“वडिलांना सांगितलं?”

“नाही. अब्बा येईल त्या गिऱ्हाइकाले सांगून राह्यले, पोरगा आता दुसऱ्या वर्षाले जाते म्हणून. त्यायले कोणत्या तोंडानं सांगू?” पण अर्जाला त्याने हात लावला नाही.

मी अर्ज खाटेवर ठेवला. जे मनात होते तेच विचारले. “अनीस, वर्षभरात एवढ्या तक्रारी केल्यात. त्यांतली एक तरी तुमची स्वतःची होती का?”

“नाही, सर.”

“एकही नाही?”

“होती एक.” तो ओशाळून हसला. “पण ते अभ्यासक्रमात बसत नाही. म्हणून लिहिली नाही.”

“मला सांगा.”

त्याने उशीत मूठभर कापूस भरला, दाबून पाहिला, पुन्हा काढला.

“वरवटले माह्ये दोस्त हायेत, सर. मी बसमधून उतरलो का ओरडतेत, काय बे अन्या, कुठं मेला होता? इथले पोट्टे लय चांगले हायेत. त्यायचं काही नाही. पण क्रिकेट खेळले का मले अंपायर करतेत. कॅरम खेळले का भांडण सोडवाले बोलावतेत. आजही सिनेमाले जातानी सांगून गेले, अनीसभाई, कोणी आलं तर सांगजा. सारे अहो-जाहो करतेत. तुमी मास्तर लोक बी तुमी म्हणता. वर्ष झालं, सर, मले इथं कोणी बे म्हटलं नाही.”

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला हा शब्द उर्मट वाटतो. आमच्याकडे तो वाटेल त्याला लावता येत नाही. ज्याच्या ताटातली भाकर न विचारता उचलता येते, त्यालाच तो लागतो. मी अमडापूरचा. बालपणी दिवसातून शंभरदा तो शब्द माझ्या तोंडात असे. पुण्यात नोकरी लागली, पहिल्याच महिन्यात वर्गात ‘मले’ निघून गेले आणि मागून हशा आला. तेव्हापासून मी जीभ घासूनपुसून घेतली. त्या घासण्यात हा शब्दही गेला. इतक्या वर्षांत कोणी मला तो म्हटला नाही, आणि मीही कोणाला म्हटला नाही. यालाच मी सभ्यपणा समजत आलो.

मी खिशातून पेन काढले, अर्जाचा कागद त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

“सही कर बे,” मी म्हणालो.

त्याने मान वर केली. त्याच्या दाढीत कापसाचा एक तंतू अडकला होता. मग हळूहळू त्याचा सगळा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सैल झाला.

“जमलं, सर,” तो म्हणाला. “पण जरा भीत भीत म्हटलं तुमी.”

मी पुन्हा म्हणालो. त्याने सही केली.